टायरची पारख : माप कोणाचे आणि कोणासाठी?



वसंतातल्या व्याख्यानांत इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राजघराणी यांच्या गोष्टी ऐकण्याची आपणां सर्वांस सवय आहे. आज आम्ही ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहोत ती वस्तू काळी आहे, गोल आहे आणि तिला कोणी सिंहासनावर बसवलेले नाही. ती वस्तू म्हणजे मोटारीचा टायर. त्यातही आमचा विषय आहे वेगवान, शर्यतीच्या थाटाच्या मोटारींचे टायर. आणि कंपनीने दिलेले पहिले टायर झिजले म्हणजे त्यांच्या जागी बाजारातले कोणते घालावेत, त्यांची तुलना कशी करावी, हा प्रश्न.

आपल्यापैकी कोणी दुचाकीवरून आला असेल, कोणी बसने. तो म्हणेल, 'ही साठ-सत्तर लाखांच्या गाड्यांची चिंता आम्हांस कशाला?' आमचे म्हणणे असे की गाडी ज्याची असेल त्याची असो, रस्ता सर्वांचा आहे. आणि दुसरे असे की पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात अशा गाड्या जुळवल्या जातात, टायर तयार होतात, टायरची परीक्षाही होते. जी वस्तू आपल्या हातांखालून जाते तिची पारख करण्याची विद्या फक्त गिऱ्हाइकाकडे असावी, हे आम्हांस बरे वाटत नाही.

आधी मूळ गोष्ट ध्यानात घेऊ. दीड-दोन टन वजनाची मोटार रस्त्याला टेकते ती चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी सुमारे तळहाताएवढ्या जागेवर. इंजिन कितीही ताकदीचे असो, ब्रेक कितीही किमतीचे असोत, त्यांचे सारे काम शेवटी या चार तळहातांतून रस्त्यापर्यंत पोचते. ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला थांबवतो तो टायर.

ही विद्या फार जुनी नाही. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकटे आणि थंडीत तडके. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याला गंधक आणि उष्णता यांच्या योगाने ते टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. १८४५ साली रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश तरुणाने हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. पण तेव्हा सायकलीही नीट रुळल्या नव्हत्या, मोटारी तर नव्हत्याच, त्यामुळे ती कल्पना रुजली नाही. १८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर पुन्हा घडवला आणि या वेळी जगाने तो उचलला.

मोटारीला हवेचा टायर चालतो की नाही, याचा निवाडा मात्र शर्यतीत झाला. १८९५ साली पॅरिस-बोर्दो-पॅरिस या शर्यतीत मिशलँ बंधू हवेचे टायर लावलेली मोटार स्वतः घेऊन उतरले. वाटेत पुनःपुन्हा पंक्चर झाली, बक्षीसही मिळाले नाही. तरी एवढे अंतर अशा टायरवर जाता येते, हे सिद्ध झाले. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. टायरची पहिली जाहीर तुलना टायर बनवणाऱ्यांनी स्वतःच मांडलेली होती. माप त्यांचे, मैदान त्यांच्या पसंतीचे आणि डंकाही त्यांचाच. पुढची साठ-सत्तर वर्षे हाच रिवाज चालला. शर्यत जिंकली की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात जाहिरात.

पुढचा मोठा टप्पा १९४६ चा. तोपर्यंतच्या टायरमध्ये आतल्या धाग्यांचे थर तिरके, एकमेकांवर आडवे टाकलेले असत. चाक फिरताना हे थर एकमेकांवर घासत आणि टायर तापे. मिशलँ कंपनीने १९४६ साली नव्या रचनेचे पेटंट घेतले आणि १९४९ पासून ते टायर बाजारात आणले. या रचनेत धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि नक्षीच्या खाली पोलादी तारांचा पट्टा असतो. यालाच आपण रेडियल म्हणतो. बाजूची भिंत वाकते, पण रस्त्यावरचा तळ सपाट राहतो. टायर कमी तापतो, जास्त टिकतो आणि वळणावर रस्ता धरून ठेवतो. १९७० च्या दशकात इटलीच्या पिरेली कंपनीने रॅलीच्या मोटारींसाठी केलेला रुंद आणि बुटका पी-७ टायर पोर्शे ९११ सारख्या रस्त्यावरच्या गाड्यांना मिळू लागला. आज वेगवान मोटारीच्या टायरचे जे रूप दिसते, म्हणजे रुंद तळ आणि जेमतेम चार बोटांची भिंत, त्याची वंशावळ अशी तिथपर्यंत जाते.

आता आपल्या प्रांताकडे वळू. मुंबईत शिवडीला फायरस्टोनचा कारखाना होता. १९५८ साली टाटा समूहाच्या भागीदारीने इटलीतल्या तुरिन शहरची सिएट कंपनी मुंबईत आली आणि भांडुपला तिचे टायर निघू लागले. त्या परवान्यांच्या काळात कुर्ल्याची प्रीमियर आणि बंगालची अँबॅसडर एवढ्याच प्रमुख मोटारी. तेव्हा टायरची तुलना म्हणजे 'कोणता मिळतो?' आणि 'किती वेळा रिमोल्ड होतो?' हे दोन प्रश्न. रेडियल टायर आपल्याकडे जे. के. टायरने १९७७ साली काढला; पण तो घराघरांत पोचायला नव्या बनावटीच्या मोटारी यायला हव्या होत्या.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि साठीच्या दशकात टेल्को व बजाज यांनी या माळरानाचे कारखान्यांत रूपांतर केले. त्याच टेल्कोच्या आवारात १९९५ च्या सुमारास मर्सिडीज-बेंझच्या मोटारी जुळू लागल्या. २००९ साली ती कंपनी चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेली. त्याच वर्षी फोक्सवागनचाही कारखाना चाकणला सुरू झाला. २०१३ साली चाकणलाच ब्रिजस्टोनचा टायर कारखाना आला. इतिहासाची गंमत पाहा : ज्या अमेरिकन फायरस्टोनचे नाव मुंबईच्या कामगाराने शिवडीत पाहिले होते, ती कंपनी १९८८ साली या जपानी ब्रिजस्टोनने विकत घेतली होती. २०१५ साली रांजणगावच्या कारखान्यातून १४५ अश्वशक्तीची फियाट पुंटो अबार्थ निघाली, आणि २०२० साली चाकणला मर्सिडीजच्या एएमजी या वेगवान शाखेची पहिली भारतात जुळवलेली गाडी, जीएलसी ४३ कूपे, तयार झाली. तिचे इंजिन ३९० अश्वशक्तीचे. ज्या भागात एके काळी सायकलचा टायर बदलायचा म्हणजे पगाराची वाट पाहावी लागे, तिथे आता ताशी दोनशे किलोमीटरच्या पलीकडे जाणारी मोटार रोजच्या पाळीत तयार होते.

अशी मोटार विकली जाते, चालते, आणि काही हजार किलोमीटरनंतर तिचे टायर उतरतात. मग मालक, त्याचा ड्रायव्हर आणि टायरवाला असे तिघे दुकानात उभे राहतात. समोर नावे पुष्कळ : मिशलँ पायलट स्पोर्ट, पिरेली पी झीरो, काँटिनेंटल स्पोर्टकाँटॅक्ट, ब्रिजस्टोन पोटेंझा. निवड कशी करावी?

पहिले तत्त्व असे की टायरमध्ये पकड, टिकाऊपणा आणि इंधनाची बचत या तीन गुणांची ओढाताण असते. मऊ रबर रस्ता घट्ट धरते, पण लवकर झिजते. टणक रबर जास्त चालते, पण ओल्यात निसटते. १९९० च्या दशकात काजळीच्या जोडीला सिलिका वापरण्याची रीत आली आणि ही ओढाताण बरीच कमी झाली. संपली मात्र नाही. म्हणून 'सर्वांत चांगला टायर कोणता?' हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या हवेत, कोणत्या कामासाठी, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. शर्यतीच्या मैदानासाठी केलेला, अगदी थोड्या नक्षीचा टायर उन्हात अप्रतिम धरतो. तोच जुलैच्या पावसात तळेगाव-चाकण रस्त्यावर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो, कारण पाणी बाहेर फेकायला त्याला खाचाच नाहीत.

दुसरे, टायरच्या भिंतीवरची अक्षरे वाचायला शिकावे. समजा लिहिले आहे २४५/४० आर १८, ९७ वाय. याचा अर्थ रुंदी २४५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे ९८ मिलिमीटर, रचना रेडियल, रिम १८ इंची. ९७ हा भाराचा आकडा, म्हणजे एका टायरला ७३० किलो. आणि वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंतचा वेग. एच असेल तर २१०, व्ही असेल तर २४०, डब्ल्यू असेल तर २७०. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारीला सपाट भागात १०० ची मर्यादा आहे, मग तीनशेचे अक्षर कशाला, असे कोणी विचारील. या अक्षरात वेगाबरोबर उष्णता सोसण्याची शक्तीही येते. म्हणून कंपनीने ठरवलेल्या अक्षराच्या खाली जाऊन चार पैसे वाचवणे हा खोटा काटकसरीपणा होय.

त्याच भिंतीवर एमओ अशी दोन अक्षरे असली तर तो टायर मर्सिडीजने आपल्या गाडीसाठी पारखून घेतलेला आहे असे समजावे. पोर्शेसाठी एन आणि अंक, बीएमडब्ल्यूसाठी तारा, अशी त्यांची त्यांची खूण असते. एकाच नावाचा टायर खूण असलेला आणि नसलेला असा दोन प्रकारचा असू शकतो, आणि दोघांच्या आतली घडण सारखी असेलच असे नाही. चार अंकांची आणखी एक खूण असते : २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. गोदामात वर्षानुवर्षे पडलेले महागडे टायर सवलतीत विकले जातात, तेव्हा हे चार अंक पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत.

हौशी मालक बहुधा रिम मोठी करतो. १८ इंचीच्या जागी १९ इंची आणि टायर २४५/३५. हिशेब केला तर चाकाची एकूण उंची जवळपास तीच राहते, ६५३ च्या जागी ६५४ मिलिमीटर. पण भिंत ९८ वरून ८६ वर येते. ही गेलेली १२ मिलिमीटर म्हणजे खड्डा पचवणारी गादी होती. मोशीच्या पुढच्या एका खड्ड्यात ती उणीव भरून निघते, रिम वाकून किंवा भिंतीला फुगा येऊन.

आता आम्ही ज्यासाठी हा विषय घेतला त्या मुद्द्याकडे येतो. टायरच्या भिंतीवर झिजेचा एक आकडा असतो : २२०, ३००, ४०० असा. ही पद्धत अमेरिकन सरकारने १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली. टेक्सासमध्ये ठरलेल्या वाटेवर ७२०० मैल टायर पळवतात आणि १०० आकड्याच्या प्रमाण टायरशी त्याची झीज ताडून पाहतात. ऐकायला निःपक्षपाती वाटते. पण अंतिम आकडा टायरवर छापते ती स्वतः बनवणारी कंपनी. म्हणून एका कंपनीचा ३०० आणि दुसऱ्या कंपनीचा ३०० हे एकच असतील असे धरता येत नाही. एकाच कंपनीच्या दोन टायरांत मात्र तो आकडा उपयोगी पडतो. पकडीसाठी त्याच पद्धतीत एए, ए, बी अशी अक्षरे आहेत. ती ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक दाबून काढतात. वळणावरची पकड त्यांत येत नाही, आणि वेगवान मोटारीची खरी परीक्षा तर वळणावरच असते.

कामगार चळवळीत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट लगेच उमजते. आम्ही उमेदवारीत असताना एका कारखान्यात कामाचे माप ठरवायला घड्याळवाला आला. त्याने निवडला सर्वांत चपळ जवान, पहिल्या पाळीचा पहिला तास आणि नवे कोरे हत्यार. त्यावरून जे माप निघाले ते लागू केले तिसऱ्या पाळीच्या पन्नाशीच्या माणसाला, बोथट हत्यारावर. घड्याळ खोटे नव्हते. आकडाही खोटा नव्हता. पण मोजण्याची वेळ, माणूस आणि जागा ज्याने निवडली, निकाल त्याच्याच बाजूचा लागला. शेवटी युनियनने मागणी केली ती एवढीच, की मोजताना आमचाही माणूस उभा राहील आणि तिन्ही पाळ्यांत मोजले जाईल.

न्यायालयातही हाच झगडा झाला आहे आणि त्यात टायर कंपनीचेच नाव आहे. कामगाराला कामावरून काढले तर मालकाने केलेल्या चौकशीतला पुरावा औद्योगिक न्यायाधिकरणाने नव्याने तोलून पाहावा की नाही, हा प्रश्न होता. आधीच्या निर्णयांप्रमाणे चौकशी रीतसर झालेली असली तर न्यायाधिकरणाचे हात बहुतेक बांधलेले असत. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ११-अ हे कलम घालण्यात आले, ते १५ डिसेंबर १९७१ पासून अमलात आले, आणि १९७३ साली फायरस्टोन कंपनीच्या कामगारांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ स्पष्ट केला : न्यायाधिकरणाला पुरावा स्वतः तोलता येईल आणि शिक्षा जास्त वाटली तर बदलताही येईल. मात्र हे कलम अमलात आल्यानंतर न्यायाधिकरणाकडे पाठवलेल्या विवादांनाच ते लागू झाले. तात्पर्य, ज्याचा लाभ त्याच्याच हाती तराजू नसावा, हे तत्त्व टायर कंपनीच्या कामगारांच्या नावाने आपल्या कायद्याच्या इतिहासात नोंदले गेले.

टायरच्या बाबतीत हे तत्त्व हळूहळू येत आहे. युरोपात २०१२ च्या नोव्हेंबरपासून टायरवर चिठ्ठी लावणे सक्तीचे झाले. ओल्या रस्त्यावरची पकड, घरंगळण्यास होणारा विरोध आणि आवाज या तीन गोष्टी ती गिऱ्हाइकाला सांगते. आपल्या देशातही केंद्र सरकारने २०२२ साली याच तीन गोष्टींच्या किमान अटी अधिसूचनेने ठरवल्या. त्याआधी, जून २०२० मध्ये, बाहेरून येणाऱ्या नव्या टायरांच्या आयातीवर परवान्याचे बंधन घातले गेले. देशी कारखान्याला त्याने आधार मिळाला हे खरे, आणि टायर कामगारांच्या दृष्टीने आम्हांस ते अयोग्य वाटत नाही. पण ज्यांच्या मापाचे टायर इथे होतच नव्हते, त्यांची निवड त्यामुळे आखडली. अशा वेळी 'जो मिळेल तो घाला' ही जुनी सवय परत येण्याचे भय असते, आणि म्हणूनच किमान अटींची गरज वाढते. सुदैवाने परीक्षेची साधने आपल्या दारात आहेत. पुण्यात १९६६ साली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन स्थापन झाली, आणि १९६७ साली स्थापन झालेली केंद्रीय मार्ग परिवहन संस्था तर भोसरीलाच आहे. तिथे टायर तपासले जातात.

आता थोडे गणित मांडतो; कंटाळू नये. समजा पाऊस पडतो आहे आणि मोटार ताशी ८० किलोमीटरने चालली आहे. चांगल्या टायरचा रस्त्याशी घर्षणांक ०.९ धरू आणि हिणकस किंवा घासलेल्या टायरचा ०.७. पहिली मोटार ब्रेक लागल्यापासून सुमारे २८ मीटरवर थांबते; दुसरी सुमारे ३६ मीटरवर. फरक आठ मीटरांचा. आठ मीटर म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण पहिली मोटार जिथे संपूर्ण थांबली, त्या ठिकाणी दुसरीचा वेग अजून ताशी सुमारे ३८ किलोमीटर असतो. त्या आठ मीटरांत पाळी सुटल्यावर रस्ता ओलांडणारी एखादी बाई असेल, हेल्मेट हातात अडकवून दुचाकी ढकलणारा एखादा कंत्राटी कामगार असेल. त्याने टायरच्या दुकानात पाऊल ठेवलेले नाही. तुलनेच्या कोष्टकात त्याचा रकाना नाही. पण टायरच्या निवडीचा निकाल त्याच्यावर लागतो.

कायद्याने मोटारीच्या टायरला निदान १.६ मिलिमीटर खोली हवी. खाचांमध्ये तेवढ्या उंचीच्या लहान पट्ट्या ठेवलेल्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर उतरवायचा. वेगवान मोटारीचा नवा टायर साधारण सात-आठ मिलिमीटरचा असतो, आणि बाजारातल्या बहुतेक तुलना त्या नव्या टायरच्या असतात. माणूस मात्र वर्षभर चालवतो ते अर्धे झिजलेले टायर. नव्याची कीर्ती जुन्याला लागू नसते, ही गोष्ट कोणत्याही जाहिरातीत छापलेली नसते.

म्हणून जे अशा मोटारी बाळगतात, जे त्या चालवून पोट भरतात आणि जे दुकानात टायर चढवतात, त्या तिघांना आमचे सांगणे आहे. ओल्या रस्त्यावरची पकड सर्वांत आधी पाहा, वेग आणि देखणेपणा नंतर. पुढे एका जातीचे आणि मागे दुसऱ्या जातीचे टायर घालू नका. एका धुरीवर तर कधीच नाही. मागचे टायर रुंद असलेल्या गाड्यांत पुढचे-मागचे अदलाबदल करता येत नाहीत, तेव्हा मागची जोडी लवकर जाणार हे धरूनच पैशांची तजवीज ठेवा. हवा थंड टायरमध्ये तपासा. भिंतीला फुगा दिसला की तो टायर नवा असला तरी काढा. आणि ड्रायव्हर नोकर असेल तर त्याचा शब्द दुकानदाराच्या शब्दाहून वजनदार माना, कारण पावसात गाडी किती सरकते हे त्याच्या हातांना ठाऊक असते.

आणि आपणां नागरिकांचे काय? टायर कारखान्यात काजळी आणि गंधकाच्या वासात, तापलेल्या साच्यांपुढे उभा राहून जो माणूस ही वस्तू घडवतो, त्याला आपल्या कामाचा कस जाहीर मापाने मोजला जावा असेच वाटेल. खोट्या आकड्यात त्याच्या हातांची अब्रू नाही. आपण मागायचे ते एवढे : परीक्षेचे निकाल प्रत्येक टायरच्या नावानिशी, साध्या मराठीत, दुकानाच्या भिंतीवर लागावेत, परीक्षा आपल्या पावसाच्या पाण्यात आणि आपल्या डांबरावर व्हावी, आणि ती अर्ध्या झिजलेल्या टायरचीही व्हावी. थॉमसनच्या पेटंटपासून आजवर पावणेदोनशेहून अधिक वर्षे गेली. या काळात टायर पुष्कळ सुधारला. त्याचे माप मात्र आजही बरेचसे विकणाऱ्याच्या हाती आहे, आणि ते काढून घेण्याचे काम रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाचे आहे.